पहिला गोवर कोणाला निघाला

पोर्ट ॲडलेड पोलीस ठाणे, दक्षिण ऑस्ट्रेलिया
बुधवार, ता. १४ मार्च १८५५, सकाळी साडेदहा

माझे नाव जेबेझ ट्रेम्बाथ, वय ३४ वर्षे, धंदा खाणकाम, मूळ राहणार सेंट जस्ट, कॉर्नवॉल, सध्या मुक्काम बंदराजवळची छावणी. बायको वारली आहे. थॉमसीन नावाची चार वर्षांची मुलगी आहे. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी ठाण्यावर आलो असून सांगतो की,

मी ‘हॅरिएट व्हीटन’ या जहाजाने गेल्या २५ नोव्हेंबरला प्लिमथहून निघालो व ५ मार्चला येथे उतरलो. जहाजावर आम्हा सरकारी खर्चाने आलेल्या लोकांचा सर्व कारभार डॉक्टर ऑलस्टन यांच्याकडे होता. कोणी कुठे झोपायचे, काय खायचे, कधी धुवायचे, सगळे त्यांच्या हुकुमाने चाले. त्यांनी प्रवाशांतूनच चार पहारेकरी नेमले. मला लिहिता-वाचता येते व गावच्या चॅपेलात मी प्रार्थना सांगतो, म्हणून पहिली निवड माझी झाली. मला त्याचा गर्व झाला होता हे खरे आहे.

माझे काम असे की सकाळी सातला सर्वांना उठवायचे, अंथरुणे वर उन्हात टाकायला लावायची, खालचा मजला घासून घ्यायचा. दहा वाजता डॉक्टर खाली उतरत. मी पुढे चालून कोणत्या बर्थमध्ये कोण आजारी ते सांगायचे. डॉक्टर प्रत्येक बर्थमध्ये स्वतः वाकून बघत. फक्त माझ्या बर्थपाशी ते थांबत नसत. एकदा मीच पडदा बाजूला करू लागलो तेव्हा म्हणाले, “राहू दे ट्रेम्बाथ, तुझं घर मी काय तपासायचं? तुझ्यावर भरवसा नसता तर तुला नेमलं असतं का?” पुढे मी कधी पडदा सारला नाही.

शेजारच्या बर्थमध्ये लव्हडे नॅन्किव्हेल ही बाई व तिचा पाच वर्षांचा मुलगा जॅन होता. तिचा नवरा माझ्याच पाळीत खाणीत उतरत असे. तो दोन वर्षांपूर्वी इकडे ‘बरा’ नावाच्या गावी तांब्याच्या खाणीत आला व आता त्याने बायको-पोराला बोलावून घेतले होते. मी तिला वहिनी म्हणतो. मी कामावर असताना थॉमसीनचे खाणेपिणे, वेणीफणी तीच बघे.

११ डिसेंबरला थॉमसीनला ताप भरला. तिसऱ्या दिवशी कानामागे लाल पुरळ दिसले. गोवर मी पूर्वी पाहिलेला आहे. मला ओळखू आला नाही असे मी म्हणणार नाही. त्याआधी जुलाबाची दोन तान्ही मुले जहाजाच्या इस्पितळात नेली होती, त्यांतले एकही परत आले नाही. शिवाय माझ्याच बर्थमध्ये आजार निघाला तर लोक काय म्हणतील, हेही मनात आले. मी तिला लाल फलालीनच्या कापडात गुंडाळून आतल्या बाजूला निजवले आणि पडदा लावला. दहा वाजता डॉक्टरांना सांगितले की या बाजूला सर्व ठीक. कुंपणानेच शेत खाल्ले ते असे.

लव्हडेने पुरळ पाहिले. ती म्हणाली, “भावजी, हे काही बरं दिसत नाही. डॉक्टरला दाखवा. जॅन सारखा हिच्याच अंगावर असतो.” मी म्हणालो, “दाखवलं, वहिनी. घामोळं आहे म्हणाले. गरम हवा लागली की सगळ्याच पोरांना येतं.” डॉक्टरांचे नाव घेतल्यावर तिची खात्री पटली. रात्री जॅन हट्ट करून थॉमसीनजवळ झोपला, तेव्हा तिने त्याला उचलून नेले नाही.

थॉमसीन आठ-दहा दिवसांत उठून बसली. २६ डिसेंबरला जॅन तापाने पडला. डॉक्टरांनी बघताच गोवर म्हटले व मला जिन्याशी बाजूला घेऊन विचारले, “याच्या आधी कोणाला निघाला? खरं सांग. तो कोणात खेळला-झोपला ते कळलं तर तेवढी पोरं आजच वेगळी काढता येतील.” मी सांगितले, “हाच पहिला, साहेब.”

जॅन २ जानेवारीला गेला. त्याच्यामागून आणखी आठ मुले गेली. ती मला नावाने माहीत आहेत, विचारल्यास सांगेन. डॉक्टर त्या दिवसांत कपडे न बदलता इस्पितळातच असत. समुद्रात सोडताना प्रत्येक वेळी प्रार्थना मीच म्हटली, कारण लोकांना माझा आवाज आवडतो. त्याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

उतरल्यावर ७ मार्चला छावणीत लोकांनी डॉक्टरांविरुद्ध तक्रार केली की त्यांनी गोवराला घामोळे ठरवले व पोरे मारली. तक्रार मी लिहिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तो प्रकार मी आपल्या हाताने केला आहे. लव्हडेला अक्षर येत नाही. तिच्या फुलीपुढे तिचे नाव मी घातले. शुक्रवारी चौकशी आहे, आणि त्यात डॉक्टर दोषी ठरले तर त्यांना पुन्हा जहाज मिळणार नाही असे ऐकतो. त्यांनी मला जे विचारायचे ते विचारले होते. खोटे मी बोललो.

लव्हडे आज माझ्याबरोबर आली आहे. मी डॉक्टरांविरुद्ध साक्ष द्यायला आलो असे तिला वाटते. ती बाहेर बाकावर थॉमसीनला मांडीवर घेऊन बसली आहे. आठ दिवस मी तिला सांगू पाहतो आणि दर वेळी दुसरेच काही बोलतो. तरी सार्जंट साहेबांना विनंती की हा जबाब वाचताना दार उघडे ठेवावे व आवाज चढवून वाचावा.

त्याप्रमाणे दार उघडे ठेवून जबाब वाचला. वाचन संपल्यावर लव्हडे नॅन्किव्हेल मुलीला कडेवर घेऊन दारात आली. तिने विचारले, “डॉक्टरने हिला बघितलंच नव्हतं?”

मी सांगितले, “नाही, वहिनी.”

तिने मुलीला माझ्यासमोर जमिनीवर उभे केले व ती एकटीच निघून गेली. एवढेही माझ्या सांगण्यावरून शेवटी लिहून घेतले असून, ते पुन्हा मला वाचून दाखवले. ते जसे घडले तसेच उतरले आहे, त्यात मला काही कमी करायचे नाही.

सही: जेबेझ ट्रेम्बाथ
समक्ष: ठाण्याचे सार्जंट