खांबातलं बारदान

माझ्या कानाची लई तारीफ झाली आजवर. किसनला नुसतं हातोडीनं ठोकून कळतं काँक्रीट आतनं भरीव हाय का पोकळ, असं बेळगावच्या उद्यमबागेत कुणालाबी विचारा, सांगतील. पण ज्या खांबावरनं हे नाव पडलं त्या खांबात मला काय ऐकू आलंच न्हवतं. मला आधीच ठाऊक होतं. हे मी बायकोला सांगितलं न्हाय, लेकांना न्हाय, साहेबाला न्हाय. एका माणसाला सांगितलं, तेबी आत्ता, गेल्या महिन्यात. तुम्ही लिहून घेताय तर घ्या, पण सांगतो तसं घ्या, सारवून घेऊ नका. सारवासारव मी पुष्कळ केलीय.

आमचं गाव निपाणीजवळ. बाप तंबाखूच्या वखारीत हमाल, आई विड्या वळायची. घरातल्या भाकरीलाबी तंबाखूचा वास, पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. मी शाळेत असताना आम्ही बौद्ध झालो, देव्हारा निघाला, वास तेवढा राहिला. बाप म्हणायचा, पोरा, वखारीत जाऊ नको, छाती जाते. म्हणून मी सेंट्रिंगच्या कामाला लागलो. सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचा साचा बांधायचा ते काम. आमचा मिस्त्री यल्लाप्पा, खानापूरकडचा, आम्ही सगळे त्याला आप्पा म्हणायचो. कानडी, मराठी दोन्ही एकाच वाक्यात बोलायचा आणि शिव्या मात्र शुद्ध मराठीत. माल कालवला की मूठभर उचलून दाबायचा, मूठ उघडून बघायचा, पाणी जास्त झालं असलं तर तो माल तिथंच परत करायला लावायचा. त्या काळात सिमेंट परमिटवर, काय सांगू तुम्हाला, एक पोतं मिळवायला माणसं कचेरीत चपला झिजवायची. आप्पा रिकामं पोतंसुद्धा झटकून घ्यायचा. सांडलेलं सिमेंट बाया सुपलीनं गोळा करायच्या.

आमच्याच गावाला पाण्याच्या उंच टाकीचं काम निघालं. खांब निम्म्यावर आले की त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया येतात, त्या भरायचा दिवस होता. आमच्यात रीत अशी, की असं मोठं काँक्रीट ज्या दिवशी पडतं त्या दिवशी कंत्राटदार सगळ्यांना जेवण घालतो. पण काँक्रीट पुरं झाल्याशिवाय ताट पडत न्हाय आणि काँक्रीट मधी थांबवता येत न्हाय. मटणाचा वास वर परांचीपर्यंत, आम्ही उभे होतो त्या बांबूच्या माचीपर्यंत, येत होता. खालनं घमेली वर देणाऱ्या बाया ओरडत होत्या, किसन्या, हात चालव रं, रस्सा गार झाला तर तुझीच तंगडी शिजवू.

तवा मी बघितलं, खांब आणि तुळई मिळते तिथं साच्याला फट पडलीय आणि सिमेंटचं पाणी गळायलंय. बाहेरनं हात पोचत न्हवता, बांबू आड येत होते. मी फळ्या बांधायला आणलेलं वखारीचं बारदान, तागाचं पोतं, घरचंच, ते गुंडाळून आतनं फटीत कोंबलं. आप्पा वरनं म्हणाला, बारदान घातलंस ते ठीक, पण माल तिथवर यायच्या आत काढ आणि बाहेरनं फळीचा तुकडा मार. मी म्हटलं व्हय आप्पा. फळीचा तुकडा खाली पडलेला, आणायला उतरायचं म्हणजे सगळी रांग थांबणार. म्हटलं, अजून वेळ हाय. आणि माल आला. माझ्या डोळ्यादेखत बारदान मालाखाली गेलं. एक हाक मारली असती तर आप्पानं घमेली थांबवून ते काढलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, बस. तो विचारत होता, काढलंस न्हवं रं?

मी म्हटलं, काढलं.

जेवायला बसलो तर मी सवयीनं जरा बाजूला बसलेलो. आप्पानं आपल्या शेजारची पत्रावळ दाखवली, म्हणाला, इकडं ये, माझ्या मांडीला मांडी लावून बस, कुणाला बघायचंय ते बघू दे. त्या दिवशीचं मटण कसं होतं ते मला आजबी आठवत न्हाय.

टाकी झाली, पाणी चढलं, गावातल्या बायांची विहिरीची वाट सुटली. मग काही वर्षांनी एका खांबावर तांबूस ओघळ दिसायला लागला, सळीचा गंज पाण्याबरोबर बाहेर येतो तसा. पुढं त्या खांबाला चीरबी गेली. कंत्राटदार आला, चावडीसमोर माणसं जमली आणि त्यानं सरळ आप्पाकडं बोट केलं. म्हणाला, मिस्त्रीनं परमिटचं सिमेंट विकून खाल्लं, रेती थापून खांब केले. आप्पा म्हणाला, माझ्या मालात खोट न्हाय. एवढंच. लोक बोलले. ज्या बायांना त्यानं सुपलीनं सिमेंट गोळा करायला लावलं होतं त्यातलीच एक म्हणाली, तरीच, ते गोळा करून न्यायचा. मी तिथंच उभा होतो. लांब, माणसांच्या मागं. आप्पानं एकदा माझ्याकडं बघितलं, म्हणजे सगळ्यांकडंच बघितलं त्यात मीबी आलो. त्याला त्या भागात परत काम मिळालं न्हाय. लेकीकडं कणकुंबीला गेला असं कुणीतरी सांगितलं.

मीबी गाव सोडलं. बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत लागलो. तिथं ओतीव लोखंडाचे फोटो काढायचं काम होतं. हा फोटो उजेडाचा न्हवे. शिशाच्या जाड भांड्यात एक बारीक दाणा असतो, त्यातनं किरण निघतात, ते दिसत न्हाईत पण लोखंडातनं पार जातात. दाणा लांब तारेनं, लांब उभं राहून बाहेर काढायचा. जिनसाच्या एका बाजूला दाणा, दुसऱ्या बाजूला फिल्म. आत पोकळी असली तर तिथनं किरण जास्त पार होतात, फिल्म तिथं काळी पडते. भरीव असलं तर फिकी. आमच्या छातीला एक बिल्ला असायचा, अंगात किती किरण गेले ते त्यावरनं बघायचे. बायको आधी तो बिल्ला बघूनच रडलेली, म्हणाली, वखार बरी होती, तिथं नुसता खोकला होता. मी तिला समजावलं, नियमानं वागलं तर काय होत न्हाय. नियमानं मी तिथं शिकलो वागायला. दोरी बांधल्याशिवाय, लाल झेंडा लावल्याशिवाय मी दाण्याला हात लावला न्हाय कधी.

आणि एक दिवस शानभाग साहेब आले. इंजिनियर, कॉलेजात शिकवायचे, आमच्या फाउंड्रीशी त्यांची ओळख. म्हणाले, एका टाकीच्या खांबाचा फोटो काढायचाय, न फोडता आत काय हाय ते बघायचंय, माणूस द्या. मालकांनी मला दिलं. गावाचं नाव ऐकलं तर आमचंच.

टाकी रिकामी केलेली. पंचायतीचं ठरलेलं, कारण सापडलं न्हाय तर टाकी पाडायची, उगी कुणाच्या डोक्यावर कोसळायला नको. बाया दोरीबाहेर कळशा घेऊन उभ्या. एक म्हातारा म्हणाला, फोटो काढायलाय ते, खांबाचं लग्न ठरवलंय काय रं? दुसरी म्हणाली, आमचाबी एक काढा की, आमचा कधी कुणी काढला न्हाय. मी म्हटलं, आक्का, ह्यात तोंड येत न्हाय, हाडं येतात. ती म्हणाली, तीच तेवढी राहिलीत, काढ.

साहेबांनी आधी आवाजाच्या यंत्रानं बघितलं. खांबाच्या दोन बाजूंना ग्रीस लावून दोन डबे धरायचे, एका डब्यातनं आवाज निघतो, दुसऱ्यात पोचतो, किती वेळात पोचला त्यावरनं माल कसा ते कळतं. खालनं वर, जिथं जिथं हात पोचला तिथं बघितलं. साहेब म्हणाले, अरे, माल तर चांगला हाय, सिमेंट कमी असतं तर आवाज रेंगाळला असता. मला वाटलं, सुटला आप्पा. पण साहेब म्हणाले, मग हा गंज कुठनं? ओघळाच्या जागी फिल्म लावून फोटो काढला. काँक्रीटला लोखंडापेक्षा वेळ लागतो, अख्खी सकाळ गेली. शाळेची एक खोली मागून घेतली, खिडक्यांना घोंगडी लावली, लाल दिव्यात फिल्म धुतली. सळ्या पांढऱ्या, बाकी सगळं सारखं राखाडी. साफ. साहेब बाहेर येऊन दगडावर बसले. म्हणाले, कारण दिसत न्हाय. दिसलं न्हाय तर मला पाडा असंच लिहावं लागणार.

कारण मला ठाऊक होतं. पाणी सळी धरून खाली उतरतं, ओघळ दिसतो तिथं पोकळी नसते, ती वर होती, तुळईच्या सांध्यात, मागच्या अंगाला. सांगायचं तर मला कसं ठाऊक ते सांगावं लागणार. न सांगायचं तर टाकी जाणार आणि आप्पावरचा चोरीचा आळ कायमचा पक्का होणार, लोक म्हणणार, बघा, पाडावीच लागली. मग मी काय केलं? हातोडी घेऊन परांचीवर चढलो आणि ठोकायला लागलो. इकडं ठोक, तिकडं ठोक, खांबाला कान लाव. सगळं नाटक. प्लास्टरवरनं मला सगळीकडं सारखाच आवाज येत होता. मग त्या जागी येऊन म्हटलं, साहेब, हितं आवाज वेगळा येतोय, हितं एक फिल्म लावू. साहेबांनी स्वतः ठोकून बघितलं, त्यांना काय कळलं न्हाय, तरी म्हणाले, लाव.

फिल्म पाण्यातनं काढून लाल दिव्यासमोर धरली आणि साहेबांचा हात थांबला. सांध्यात काळा डाग, गुंडाळी केल्यासारखा. मी तो ओळखला. माझ्या हाताची गुंडाळी होती ती, एवढ्या वर्षांनी जशीच्या तशी. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, किसन, तुझे कान यंत्रापेक्षा तयार हाईत. मी म्हटलं, व्हय साहेब.

तेवढीच जागा फोडली. कुजकं बारदान निघालं, हातात घेतलं की भुगा होणारं. पोकळी साफ करून सिमेंटची लापशी दाबानं आत भरली, टाकी वाचली. परत पाणी चढलं तवा बाया नाचायच्या बाकी राहिल्या. चोरीचा आळबी गेला, सिमेंट नीट होतं असं साहेबांनी लिहून दिलं. मी मनाला म्हटलं, झालं, फिटलं.

कुठलं फिटतंय. चोरीचं नाव गेलं तर लोकांनी आप्पाला दुसरं नाव ठेवलं, पोत्याचा मिस्त्री. खांबात पोतं विसरणारा. आणि मी झालो कानाचा किसन. पुलाचा खांब असू दे, कारखान्याचा पाया असू दे, साहेब मला बोलावून घ्यायचे. पुढं पुढं मला खरंच ऐकू यायला लागलं, खोटं न्हाय सांगत, हजार जागी ठोकून ठोकून भरीव आणि पोकळ कळायला लागलं. पण सुरुवात खोटी ती खोटी.

दोन महिन्यांखाली शानभाग साहेब निवृत्त झाले. सत्कार झाला, मला पुढं बसवलं. साहेबांनी भाषणात टाकीची गोष्ट सांगितली, माझे कान, फिल्मवरचा डाग, सगळं. आणि म्हणाले, मिस्त्रीसाहेबांनी खांबाला ऊब मिळावी म्हणून गोधडी घातली होती. माणसं पोट धरून हसली. मला टाळ्या वाजवायला लावल्या. मी वाजवल्या. घरी जाऊन जेवलो न्हाय. बायको म्हणाली, सत्कारात जास्त खाल्लं काय?

पुढच्या सुट्टीला कणकुंबीची गाडी धरली. आप्पा लेकीच्या अंगणात बसलेला, पांढरा झालेला, चिऱ्याचा गडगा रचत होता, नुसता दगडावर दगड, मातीसुद्धा न्हाय मधी. मला ओळखलं. किसन्या, दाढी पिकली की रं, म्हणाला. लेकीनं चहा दिला. मी विचारलं, आप्पा, आता काँक्रीटची कामं करत न्हाईस? म्हणाला, त्या टाकीनंतर न्हाय केलं. लोक बोलले त्याचं काय न्हाय रं, लोक बोलतात. पण मलाच कळेना कुठं चुकलं. पाणी जास्त झालं का, खडी मोठी पडली का, मूठ दाबली ती नीट दाबली का. माझाच हात मला खोटा वाटायला लागला. मग म्हटलं, दगड बरा, आत काय लपवत न्हाय.

चोरीचा आळ गेल्याचं त्याला कळलंच न्हवतं. पोत्याचं नाव तेवढं कुणीतरी पोचवलेलं. तेबी त्याला खरं वाटत होतं, आपल्याच हातनं एखादं पोतं आत राहिलं असंल असं.

मी खाली जमिनीवर बसलो. म्हटलं, आप्पा, ते बारदान माझं. तू विचारलंस, काढलंस का, मी म्हटलं, काढलं. काढलं न्हवतं.

त्यानं गडग्यावरचा एक दगड उचलला. मला वाटलं, आता दगड घालतो डोक्यात, आणि खरं सांगतो, घातला असता तर बरं झालं असतं. मग कानडीत म्हणाला, हौदा? म्हणजे खरं काय? मी मान हलवली. त्यानं विचारलं, बाकीचा खांब कसा होता? मी सांगितलं, यंत्र लावून बघितला, फोटो काढून बघितला, तुझा माल सगळीकडं एकसारखा, साहेब म्हणाले, असा माल आता बघायला मिळत न्हाय. तर त्याचे डोळे भरले, माझ्यावर रागानं न्हवे. लेकीला हाक मारून म्हणाला, ऐकलंस गं, माझा माल बरोबर होता.

मग शिव्या घातल्या, शुद्ध मराठीत, सुरुवातीपासनं शेवटपर्यंत. मी ऐकल्या. निघताना म्हटलं, आप्पा, माफ कर. तो म्हणाला, माझं मी बघतो. पण मला चोर म्हणाले ते हितं न्हाय, चावडीसमोर म्हणाले. तिथं जा आणि सांग. मी आता काय तिथवर येत न्हाय, गुडघे गेले, पण तू जा.

परवा लेकीचा निरोप आला, आप्पानं शेजाऱ्याच्या हौदाचं काम घेतलंय, घमेलं, फावडं मागवलंय, आणि मूठ दाबून दाबून शेजाऱ्याचं डोकं खातोय. मला हसू आलं.

टाकी उभी हाय, पाणी येतंय, आप्पा जिवंत हाय, म्हणजे वेळ गेलेली न्हाय. पण मी अजून गावी गेलेलो न्हाय. जिथं त्याला बोट दाखवलं आणि मी माणसांच्या मागं उभा राहिलो, तिथं पुढं उभं राहून सांगायचं, की यल्लाप्पा मिस्त्रीनं काय चुकवलं न्हाय, चुकवलं ते मी, आणि मला ऐकू काय आलं न्हवतं. एवढं माझ्याकडनं देणं हाय.