सूतभरही फरक नाही

माल बदलून देणाऱ्या खिडकीपुढे रांग होती. पहिलाच कॉम्प्युटर जोडायला निघालेल्या शिक्षिकाबाई सुट्या भागांची यादी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यापुढे एक म्हातारे सुतार आणि त्यांची सून.

“बाबा, हा प्रोसेसर काय बघून आणलात?”

“माप. बोर्डावरची जागा टेपने मोजली आणि तेवढाच चौकोन आणला. सूतभरही फरक नाही.”

“माप नाही, जोडी बघायची असते. या बोर्डाला हा चालतच नाही.”

“चालत नाही कसा? बसतोय की.”

“काल तर बसत नव्हता.”

“काल नव्हता.”

शिक्षिकाबाईंनी यादीत ‘माप’ खोडून ‘जोडी?’ लिहिलं.

“मग आज कसा बसला?”

“पिना जास्त होत्या गं, भोकं कमी. जास्तीच्या तेवढ्या कानशीने घासून काढल्या.”

“घासल्या?”

“चारच. शेकड्यांनी आहेत. चार गेल्या तर कुणाला कळतंय?”

“अहो बाबा, सोमवारी माझी नोकरी सुरू होतेय. घरी कॉम्प्युटर नसला तर ते दुसऱ्या कुणाला घेतील.”

“म्हणून तर बसवून दिला.”

“आता तुम्ही गप्प राहा. मी बोलते.”

त्यांचा नंबर आला.

“काय झालं याला?” खिडकीतल्या माणसाने विचारलं.

“डबा उघडला तेव्हाच असा निघाला. चार पिना तुटलेल्या.”

“होतं असं वाहतुकीत. देतो बदलून.”

“तुटलेल्या?” सुतार पुढे सरकले. “अहो, तुटलं की टोक राहतं. तुम्ही बोट फिरवून बघा बरं, लागतंय का काही हाताला?”