भरल्या पोटाची कुत्री

बस रे, बस, उठू नकोस. फक्त ती बादली जरा तिकडे सरकव, पाय लागेल — हो, भातच आहे, कोंबडीचे पाय घालून शिजवलेला, माणसांचा नाही, कुत्र्यांचा. आणि तू तोच ना, पवनचक्क्यांखाली मान खाली घालून फिरतोस तो? मला आधी वाटलं, याचं काहीतरी हरवलंय. मग वॉचमन म्हणाला, मेलेले पक्षी शोधायला ठेवलाय याला. कोणी ठेवलाय? कंपनीनेच. म्हणजे ज्यांनी पंखे लावले त्यांनीच माणूस ठेवला, आमच्या पंख्यांनी कोणी मेलं का बघ म्हणून — झकास कारभार आहे. मिळाला एखादा? नाही ना. मिळणारच नाही. गेटवरचा बोर्ड बघितलास केवढा आहे — हसणाऱ्या फ्लेमिंगोचं चित्र आणि खाली लिहिलंय, पक्ष्यांची हानी शून्य. रोज येताना वाचते आणि रोज डोकं फिरतं माझं.

तू कुठला? बोरिवली — म्हणजे तुमच्याकडे बिबट्या, आमच्याकडे फ्लेमिंगो. मी भांडुपची. सासरे गिरणीत होते, नवरा टेलिफोनमध्ये, तो गेल्यापासून सकाळी घरात बसवत नाही, म्हणून येते इथे. ही खाडी बघ — थंडीत समोरचा चिखल नुसता गुलाबी होतो, आणि तिथेच, अभयारण्याच्या हद्दीला अगदी खेटून, मिठागरावर उभ्या केल्या यांनी पवनचक्क्या. वीज नको का? हवी ना, माझ्याकडे एसी आहे, खोटं कशाला बोलू. पण पक्षी उतरतात त्या वाटेवरच? दारात खाट टाकायची आणि येणाऱ्याला म्हणायचं, बघून चाला. आमच्या बी विंगमधले नंदकुमार भावजी — बँकेतून रिटायर झालेले, बायको नाही, रोज माझ्यासोबत इथवर चालायचे — ते अर्ज करकरून थकले. वनखात्यात जातात, पालिकेत जातात, सगळीकडे एकच उत्तर, पक्षी मरतात म्हणता तर एक तरी मेलेला आणून दाखवा. कुठून आणणार?

चालायचे म्हणजे — हो, आता नाही येत. भांडले मी त्यांच्याशी. कशावरून? या कुत्र्यांवरून, हसू नकोस. माझी कुत्री आहेत इथे — माझी म्हणजे कोणाचीच नाहीत, पण मी घालते त्यांना. तो काळा आहे ना, सगळ्यांच्या पुढे चालतो, तो तांडेल, मग काजू, आणि एक लंगडी आहे, तिला बाबी म्हणते. बादलीचा आवाज आला की बांधावरून अशी धावत यायची की मी पडता पडता वाचायचे. आणि त्या पवनचक्क्या फिरायला लागल्या, फ्लेमिंगो आले, तशी एकदम जेवेनाशी झाली. यायची, शेपट्या हलवायची, भात हुंगायची आणि आडवी व्हायची. मी हळद कमी करून बघितली, लिव्हर आणलं, दूध ओतलं — काही नाही. पोटं तर टम्म. मग माणसाला काय वाटणार? दुसरं कोणीतरी घालतंय. आणि माझ्याशिवाय इथे दुसरं कोण येतं? भावजी. जिन्यात उभी राहून, सगळे ऐकत असताना, तोंडाला येईल ते बोलले त्यांना — माझ्या मागून येऊन माझी कुत्री फितवता, एवढी माया आहे तर आपल्या दारात पाळा ना. ते एवढंच म्हणाले, ‘वहिनी, मी त्यांना बिस्किटसुद्धा घातलेलं नाही.’ आणि दार लावून घेतलं. खरं बोलत होता रे माणूस.

मला कसं कळलं? अरे, एकदा झोप येईना म्हणून लवकर आले. जेमतेम उजाडलं होतं, सगळीकडे धुरकट, आणि वरून थवा आला, त्यांचा तो बदकासारखा आवाज करत — आणि मग धप्प. त्या पलीकडच्या पवनचक्कीखाली बघते तर गुलाबी काहीतरी पडलेलं, पंख एका बाजूला वेगळाच, आणि मान अजून हलत होती. मी जाईपर्यंत तांडेल पोचला, मागून बाकीची. आणि धावत कुठून आली? कुठून नाही, खालीच बसली होती, पंगतीला पाट मांडून बसावं तशी, वर तोंड करून. सवयच होती त्यांना. ओढत नेलं खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत, आणि मी चपला हातात घेऊन चिखल ओलांडेपर्यंत चार पिसंही उरली नव्हती. आणि तू येतोस ऊन चढल्यावर, टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन. तुला काय मिळणार, डोंबल? रोज पडतात रे, रोज, आणि तिकडे बोर्डावर शून्य, आणि इकडे माझी बादली भरलेली ती भरलेलीच, आणि —

काय? कुठल्या तिवरांत म्हणजे? किती कुत्री आहेत ते कशाला हवंय तुला?

थांब. आधी माझं ऐक. हे तू वर कळवलंस तर काय होईल? पवनचक्क्या थांबतील वाटतं तुला? अरे, चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. कंपनी म्हणेल, आमचे पंखे नाहीत, ही कुत्रीच मारतात पक्षी. दुसऱ्या दिवशी गाडी येईल, जाळी टाकतील. आमच्या मागच्या सोसायटीतली नेली होती तशीच, ऑपरेशन करून परत सोडतो म्हणाले, एकही परत आलं नाही. पवनचक्की उचलून कोण नेतंय? कुत्रं उचलायला काय लागतं? म्हणून तर मी भावजींनाही हे सांगितलं नाही. माफी मागितली नाही अजून. मागायची तर सगळं सांगावं लागेल, आणि तो माणूस सरळ आहे, सकाळी अर्ज घेऊन साहेबापुढे उभा राहील, कुत्र्यांचं काय होईल याचा विचार करणार नाही. लिफ्टमध्ये भेटतो, मान खाली घालून उभा असतो. तो एका मेलेल्या पक्ष्यासाठी उन्हातान्हात हिंडतोय, आणि मी शेजारी गप्प. काय चाललंय माझं, मलाच लाज वाटते.

नाही. मी काही बघितलं नाही. धुरकट होतं म्हटलं ना, आणि माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, विचार कोणालाही. तुला काल काही मिळालं नाही, परवा मिळालं नाही, आज तरी कुठे मिळालंय? मग तेच कळव. असा काय बघतोस, मेल्या? माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, हवं तर हात जोडते. पण ऊठ आता, जा. कुत्र्यांची यायची वेळ झालीय, आणि तू इथे असताना मी त्यांना हाक मारणार नाही.