समुद्रापलीकडचा श्रोता

संगणक दुरुस्तीच्या दुकानात माझा नंबर यायचा होता. शेजारी सासरे आणि सून बसले होते. सासऱ्यांच्या मांडीवर जुना लॅपटॉप होता.

“बाबा, तापणारच तो. रात्रंदिवस चालू ठेवता.”

“बंद केला तर तुझ्या सासूची गाणी इंटरनेटवरून लोकांना मिळणार कशी? थेट याच्यातूनच तर जातात ती.”

“वाटा की गाणी. पण घेणाऱ्याला आपल्या इंटरनेटचा पत्ता दिसतो. तो लपवायची सोय करून घेऊ इथे.”

“दिसू दे. तिचं नाव कुठे घातलंय मी? नुसतं ‘शिवताना म्हटलेली गाणी’. आणि घेतंय तरी कोण? वर्षभरात एकच माणूस.”

“एकच?”

“हो ना. पत्ता समुद्रापलीकडचा दिसतो. नवं गाणं टाकलं की लगेच उचलतो. भाषा कळते की नाही देव जाणे, पण शिवणयंत्राच्या खडखडाटासकट ऐकतो बिचारा. त्याच्यासाठीच चालू ठेवतो मी.”

“बाबा, पत्ता लपवला की तसाच कुठला तरी लांबचा दिसतो.”

“मग लपवू दे की त्याला.”

“माझ्या फोनवर आहे ती सोय.”

“तुझ्या?”

“आई गेल्यापासून तुम्ही त्यांचा विषयच काढत नाही. गाणी मागायचा धीर झाला नाही मला.”

“म्हणजे भिंतीपलीकडे होतीस होय गं!”

“हो.”

“आणि मी वेडा, तिकडे सकाळ झाली का ते बघून गाणी टाकत होतो.”