ताईंचं फर्न आणि माझा मऊ ब्रश

...आणि वर मलाच विचारतात, आंघोळीला एवढा वेळ का लागतो म्हणून. का म्हणजे? बाथरूमच्या खिडकीत फर्न बसलंय ना! बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, तीन महिने लेकीकडे राहायला गेल्या आणि जाताना सहा वर्षं जपलेली ती कुंडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ऊन नको, वारा नको, माती सुकायला नको, पण चिखलही नको. नळाचं पाणी रात्रभर ठेवून मग घाला. आणि हवा दमट लागते हो त्याला." मी मान डोलावली. तुम्हाला सांगतो, मी त्याच घरचा जावई, पण एवढे लाड माझे कुणी केले नाहीत.

दमट हवा पाहिजे म्हणून ते बाथरूममध्ये. आता भर उकाड्यात मी कढत पाण्यानं आंघोळ करतो, का, तर वाफ व्हायला हवी. अंग पुसून होतंय तोवर बायको बाहेरून, "लगेच दार उघडू नका, दहा मिनिटं थांबा, वाफ जाते." मग मी टॉवेल गुंडाळून पालथ्या बादलीवर बसलेला... आणि समोर ते, मजेत डुलतंय.

एक दिवस असंच बसल्या बसल्या पान उलटलं, तर खाली तपकिरी ठिपके. ओळीनं. कीड लागली, आता ताईंना काय तोंड दाखवू? बायकोलाही बोललो नाही. घरात मऊ ब्रश एकच, माझा, हिरड्या दुखतात म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला. तो फर्नला दिला, आणि मी कपाटातला जुना राठ ब्रश काढला. रोज दहा मिनिटं, पान न् पान, ठिपका न् ठिपका घासला. सांगतो ना, एवढे लाड माझे कुणी केले नाहीत.

काल ताई आल्या. फर्न हिरवंगार. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं... "अहो, ठिपके कुठायत?"

मी छाती फुगवून, "एक ठेवला नाही."

ताई माझ्या त्या पालथ्या बादलीवर बसल्याच. "ते बी होतं हो त्याचं. सहा वर्षांत पहिल्यांदा धरलं होतं. लेकीसाठी रोपं करणार होते मी."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकं वाईट वाटलं मला. त्यांनी कुंडी अलगद परत खिडकीत ठेवली. "इथली हवा मानवलीय त्याला. पुन्हा बी धरेपर्यंत राहू दे इथंच." आणि निघताना माझा मऊ ब्रश तेवढा पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या.

हिरड्यांचं कुणी विचारलं नाही. बसतो आपला बादलीवर.