तळचा गाळ

हॅलो?… हॅलो, हो रमा, मीच बोलतोय. जयभीम… हळू बोलतोय, कारण राकेश आत झोपलाय… हो, इथे संध्याकाळ आहे. संध्याकाळीच झोपलाय. नोकरी गेलेल्या माणसाला सकाळ काय आणि संध्याकाळ काय.

ताट आत नेऊन दिलं होतं. वरण-भात चिवडला. पोळीला हात लावला नाही…

परतीचं तिकीट? बघतो ना… अगं ऐक ना, बघतो म्हणजे बघतो. मला का इथे राहायची हौस आहे? आपलं नागपूर परवडलं. परक्या देशात चँडलरच्या या उन्हात दिवसभर दारं-खिडक्या लावून बसायचं. एसीने नाक कोरडं पडलंय… गुडघा? आहे तसाच. आज जरा जास्त आहे.

चाललो म्हणून… दुकानापर्यंत… कसलं म्हणजे… दारूच्या.

हॅलो? रमा? आहेस ना?

नाही, अगं नाही! थेंब तोंडात गेलेला नाही. पाचवं शील शाबूत आहे माझं… हो, आधी ऐकून तर घे. मग विहारात जाऊन सांग हवं तर.

त्या बरणीचं सांगितलं होतं ना तुला?… लोणच्याची नाही गं, राकेशची. तो घरी बिअर करतो ना… हो, मलाही नाही आवडत. सांगून झालंय माझं. पण त्याला यीस्ट लागतं, आपल्या विरजणासारखं. ते तो विकतच्या बाटलीतून काढतो. काही बिअर गाळलेल्या नसतात, त्यांच्या तळाशी पांढुरकं काहीतरी बसलेलं असतं. वरची बिअर ओतून द्यायची आणि तळचं तेवढं माल्टच्या, म्हणजे मोड आलेल्या सातूच्या पाण्यात घालायचं. उकळून गार केलेल्या. मग ते वाढतं… हो, अगदी दह्यासारखं. मीही त्याला हेच म्हटलं होतं.

तर खोलीबाहेर तो यायचा ते त्या बरणीसाठी. यायचा, बरणी गोल फिरवायचा, खिडकीपाशी उजेडात धरून बघायचा, की परत आत. माझ्याशी बोलत नसे, पण मला बरं वाटायचं. निदान दार उघडायचं…

नाही, आज नाही उघडलं. तेच तर सांगतोय.

काल त्याने बरणी फ्रीजमध्ये ठेवली. मला म्हणाला, बाबा, सकाळी वरचं पाणी तेवढं काढून ठेवाल? किती दिवसांनी मला एखादं काम सांगितलं त्याने! मी उजाडताच उठलो. वरचं पाणी काय सुंदर निवळलं होतं, रमा. हात न हलवता दुसऱ्या बरणीत काढून घेतलं. खालचा गाळ सिंकमध्ये ओतला. बरणी घासली, पुसली, ओट्यावर पालथी घातली…

हो. गाळच हवा होता.

हसतेस काय?… मग तो आवाज कसला?… अगं, जन्मभर आपण तुरटी फिरवून विहिरीचं पाणी प्यायलो. वरची निवळ घ्यायची, गाळ फेकायचा. हाताला तेवढंच माहीत. नंतर त्याचं पुस्तक उघडून बघितलं तर त्यात चित्रासकट दिलेलं. सगळा जन्म ग्रंथालयात काढला मी, आणि पुस्तक आधी उघडायचं सुचलं नाही.

नाही, सांगितलं नाही त्याला. कसं सांगू? त्याचं तेवढंच एक जिवंत होतं घरात.

म्हणून गेलो. चालतच, गाडी कोण चालवणार?… टोपी घातली होती गं… बाटलीचं लेबल लक्षात होतं, जाडजूड पाद्री आहे त्यावर. दुकानाच्या दारात येरझाऱ्याच घातल्या जरा वेळ. कुणी बघेल म्हणून… इथे कोण बघणार, ते मलाही कळतं. पण पाय उचलेना. शेवटी गेलो. काउंटरवरच्या मुलीने आयडी मागितलं… अगं, वय बघायला! माझं! एवढे पांढरे केस समोर आहेत. पासपोर्ट दिला, तर तो बघून म्हणते, हॅपी बर्थडे… आज एक जून ना इथे. शाळेत गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख. मीही थँक यू म्हटलं. काय समजावत बसणार तिला?

बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवली, चांगली निवळू दिली. वरची बिअर मागच्या बोगनवेलीला घातली… मरत नाही गं बोगनवेल. मरू दे. आता माल्टचं पाणी उकळायला ठेवलंय, तो उठायच्या आत—

थांब, थांब, थांब… गेलं!… उतू गेलं. शेगडीभर झालंय. पाकासारखं चिकट आहे हे… हो, दुधाचंही असंच करायचो, माहीत आहे. दर वेळी आठवण कशाला देतेस?… पुसतो. फोन खांद्यावर धरलाय, पडेल… नाही, कंटाळलो नाही. दमलोय.

आता कोमट होऊ द्यायचं. विरजण लावताना बघतो तसं बोट घालून—

थांब. दार वाजलं… त्याचंच. बाहेर आलाय.

काही नाही रे राकेश, आईचा फोन आहे… नाही, चहा नाही ठेवलेला. ते… तू बस जरा. सकाळी काय झालं, राकेश, माझ्या हातून…

रमा, आहेस ना?… त्याला माहीत होतं म्हणतो. सकाळीच पालथी बरणी दिसली त्याला. मी आंघोळीला गेलो तेव्हा पाणी प्यायला आला होता. तसाच परत जाऊन पडला… विचारतो. अरे, मग बोलला का नाहीस मला?

मला वाईट वाटेल म्हणून, म्हणतो.

आणि मी इकडे उन्हात… जाऊ दे.

काय करतोय म्हणजे? बाटली हातात घेतलीय. उजेडात धरून बघतोय… हो रे, तीच, पाद्र्याची… चालतच गेलो… एकटाच. आयडी मागितलं मला. हॅपी बर्थडेसुद्धा म्हणाली ती पोरगी.

पाठ आहे माझ्याकडे… खांदे हलतायत त्याचे. रमा, जरा गप्प राहा, बघू दे मला…

हसतोय.

हो हो, नाही घालत बोट!… मला रागावतोय. बोटाने सगळं नासतं म्हणे, आधी हात धुऊन या. पातेलं बर्फात नेऊन ठेवलं त्याने…

तिकिटाचं ना, अगं, हे आता वाढणार, मग मोठ्या भांड्यात जाणार, मग बाटल्या भरायच्या. तो एकटा कसं… काय रे?… आहेत ना. दुपारच्या आहेत, वातड झाल्या असतील. ताज्या करू?

रमा, पोळी मागतोय… हो, आपणहून. मी काही विचारलं नव्हतं… दोन म्हणाला… तुला नाही बोलता येणार आता, हात माखलेत त्याचे. उद्या… हो, उद्या नक्की. अगं, आता तू कशाला रडतेस?… बरं. ठेव बघू. शेगडी तशीच आहे, आणि मला कणीक मळायचीय.