सॅम फोर्डची फी

नाही एस्मीमावशी, मी अजूनही म्हणतो, त्या दिवशी तू सही करायला हवी होतीस. दोन मिनिटांचं काम. पेन तुझ्या हातात, चष्मा डोळ्यांवर, आणि तू काय केलंस? माझ्या अर्जावर चहाचा कप ठेवलास!

असो. लुपे, आता मान वर करून मोठ्याने वाच.

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय कर्लेटिचकाका, व्यासपीठावरच्या नगरपालिकेच्या बाईसाहेब, वाचनालयातली मंडळी, नदीच्या दोन्ही काठांवरून आलेल्या बंधुभगिनींनो, आणि तेवीस वर्षं दर बुधवारी आम्हा परक्यांकडून या देशाच्या नागरिकत्वाची परीक्षा घोटून घेऊन आज निवृत्त होणाऱ्या एस्मीमावशी, मी सेमिसी फोनोकालाफी सर्वांना नमस्कार करतो. खाणीतून रजा मिळाली नाही. म्हणून शब्द सातशे किलोमीटरवरून माझे आणि तोंड माझ्या बहिणीचं. सभेत मावशींना 'तुम्ही' म्हणावं असं लुपे बजावते. पण भांडण कधी 'तुम्ही' म्हणून होतं का?

माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली आणि केळीची बाग सुरू झाली. मावशीच्या वर्गात पहिल्यांदा आलो, तेव्हा तिने विचारलं, "कुणाचा रे तू?" मी ताठ उभा राहून व्हिसाचा नंबर सांगितला. मावशी म्हणाली, "हा कोण तुझा? बाप की चुलता?" कर्लेटिचकाका, तुम्ही तेव्हा मागच्या बाकावर बसून किती हसलात, ते मी विसरलेलो नाही.

पुढे खाणीत नोकरी लागली. माझं आडनाव ऐकून तिथला मुकादम म्हणाला, "एवढं कोण बोलणार? तुला फोन म्हणतो." झालं! "फोन, वाजतोस का?" "फोन बंद आहे, चार्जिंगला लावा." मग मी ठरवलं, नागरिक व्हायचं तर इथल्यासारखं नाव घेऊन व्हायचं. सॅम फोर्ड. फी बाजूला काढली, अर्ज भरला. साक्षीदाराची सही तेवढी बाकी होती.

कप ठेवून मावशीने जे सांगितलं, ते सांगायची तिची परवानगी मी फोनवर घेतली आहे. म्हणजे खऱ्या फोनवर.

मावशीचे वडील वॉली, इथले मूळ आदिवासी, याच नदीकाठी जन्मलेले. तरी तेव्हाच्या गोऱ्यांच्या कायद्याने त्यांना स्वतःच्याच देशाचं नागरिक व्हायला अर्ज करावा लागला. लेकरांना शाळेत घ्यावं म्हणून त्यांनी तो केला. कागद मिळाला, पण अट होती: आपल्या लोकांत मिसळायचं नाही. आईबाप, भावंडं, मुलं चालतील. बाकीचे नातलग तोडायचे. काठावरची पोरं त्या कागदाला कुत्र्याचा बिल्ला म्हणत.

"आता आमच्यात मावशी म्हणजे आईच," एस्मीमावशी म्हणाली. "तुमच्यात?"

"आमच्या टोंगा बेटांवरही तसंच," मी म्हणालो.

"पण कागदात बाबाची मावशी बसत नव्हती. ती पलीकडच्या वस्तीत राहायची. मधे नदी, तीही कोरडी. नुसती वाळू. एका रविवारी बाबाने ताजे मासे घेतले आणि वाळू तुडवत सरळ तिच्याकडे गेला. पोलीस शिपाई मागोमाग आलाच. बाबा म्हणाला, 'थांब, म्हातारीचं जेवण होऊ दे.' आणि तिचं जेवण झाल्यावर खिशातून कागद काढून त्याच्या हातात ठेवला. वर विचारलं, 'मासा खाणार का?'"

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एका कागदाने माझ्या घरातली माणसं मोजली. दुसऱ्या कागदावर माझी सही मिळणार नाही. फोर्डांत तुझी मावशी कोण रे?"

मी रागाने उठून गेलो. दुसरा साक्षीदार मात्र शोधला नाही. दोन वर्षं मावशीशी बोललो नाही.

गेल्या महिन्यात इथे खाणीच्या गावात माझा शपथविधी झाला. अधिकारीसाहेब कागद बघून घामाघूम. "सेमिसी फोनो... फोनोका..." मागून आमची टोळी ओरडली, "साहेब, फोन उचला!" सगळा हॉल हसला. मला वाटलं होतं, मी लाजेने मरेन. पण मीच उठलो आणि आजोबा चर्चमध्ये म्हणायचे तसं पूर्ण नाव खणखणीत म्हटलं. साहेबांनी माझ्यामागून ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा बरोबर. त्या रात्री मावशीला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "कुणाचा रे तू?" या वेळी उत्तर चुकलं नाही.

तरीही मावशी, सही करायला हवी होतीस. म्हणजे नाव गमावल्याचा सगळा दोष तुझ्यावर ढकलता आला असता!

आयोजकांचे आभार. कमी शिकलेल्या माणसाने लिहिलंय, कुणाचा मान खालीवर झाला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पदरात घ्या. आज वाळूवर जेवण आहे असं कळलं. त्यातले मासे माझ्याकडून. सॅम फोर्डची फी तशीच पडून होती, ती लुपेकडे पाठवतोय: एकशे त्र्याऐंशी डॉलर.